शिल्लक नाही

लायनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1932 साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती पाठ न झाल्यामुळे आजही बी.कॉम.ची मुले गटांगळ्या खातात. माणसाच्या गरजांना अंत नाही, त्या भागवायची साधने मोजकी, आणि त्या साधनांचे उपयोग मात्र अनेक. या ओढाताणीत माणूस कसा वागतो त्याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, असा तिचा साधारण अर्थ. व्याख्येत खोट काढण्यासारखे काही नाही. पण रेशन दुकानाबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने 'साखर – शिल्लक नाही' असे लिहिणारा माणूस रॉबिन्ससाहेबांच्या पाहण्यात आला नव्हता. (पुढे इंग्लंडातही रेशन आले आणि 1954 पर्यंत चालले, पण तोवर व्याख्या छापून झाली होती.) साखर असते तोवर तो माणूस तागडी धरणारा एक दुकानदार असतो. साखर संपली की त्याच्या शब्दाला वजन येते. 'कधी येणार?' या प्रश्नावर तो आढ्याकडे बघत 'बघू, सोमवारनंतर' म्हणतो, आणि ऐकणारे ते वाक्य घरी जाऊन वेधशाळेच्या अंदाजापेक्षा जास्त गांभीर्याने सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की टंचाईत वस्तू कमी होते ही अर्धीच गोष्ट झाली. त्याच वेळी ती दुसऱ्या एका मालाचे भरघोस उत्पादन करत असते, आणि तो माल म्हणजे माणसाचे महत्त्व. इतक्या थोड्या भांडवलात इतके महत्त्व तयार करणारा दुसरा कारखाना समाजाला अजून सापडलेला नाही. म्हणून एक टंचाई मिटत आली की आपण दुसरीची पायाभरणी करायला घेतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आकुर्डीतल्या स्कूटरच्या कारखान्यात आहे. बजाजची चेतक 1972 साली बाजारात आली ती बाजारात न मिळण्यासाठीच. कारखान्याने वर्षाला किती स्कूटर काढायच्या ते सरकारी परवान्यात लिहिलेले असे, आणि मागणी कितीही असली तरी ती रेघ ओलांडणे बेकायदा होते. हातभट्टीची जास्त गाळली तर पोलीस येतात हे समजण्यासारखे आहे; इथे स्कूटर जास्त गाळण्याचीही चोरी होती. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जायची आपली तयारी आहे, असे राहुल बजाज जाहीरपणे म्हणत. अशा परिस्थितीत नंबर लागायला दहा-दहा वर्षे लागत. मॅट्रिकला बसताना नोंदवलेली स्कूटर लग्नाच्या बोलणीच्या सुमारास दारात येई, आणि पुष्कळदा त्या बोलणीत तिचाच विषय आधी निघे. चार हातांतून गेलेली जुनी स्कूटर नवीपेक्षा महाग विकली जाई, कारण जुनी समोर उभी होती आणि नवी फक्त पावतीवर होती. ज्यांना स्कूटर चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती, असे लोक घरातल्या प्रत्येकाच्या नावाने नोंदणी करत आणि नंबर लागला की 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन ती पुढे सरकवत. आजीच्या नावावर स्कूटर असलेली घरे त्या काळात कमी नसतील. पण हिशेबाची गंमत बाजूला ठेवून माणसांकडे पाहिले तर दिसते की नंबर लागलेल्या गृहस्थाचे लोक अभिनंदन करत. पैसे त्याने स्वतःचे भरलेले असत, वाट त्याने स्वतः पाहिलेली असे, पण पेढे वाटायची रीत परीक्षेसारखी. आज दुकानात जाऊन तासाभरात स्कूटर घेता येते, आणि ती घेणाऱ्याला लोक फक्त मायलेज विचारतात.

टेलिफोनची कथा याहून सुरस आहे. ज्या घरी फोन होता ते घर अख्ख्या चाळीचा दूतावास होते. शेजाऱ्यांनी त्या घराचा नंबर आपल्या लग्नपत्रिकांवर आणि लेटरहेडवर छापावा आणि पुढे कंसात 'पीपी' लिहावे, ही त्या काळची सर्वमान्य पद्धत होती. फोनवाल्या काकू तक्रार करत की दिवसभर लोकांना हाका मारून घसा बसतो. त्या तक्रारीवर विश्वास ठेवणारा माणूस भोळाच म्हणायला हवा. कोणाच्या मुलीला कुठले स्थळ सांगून आले, कोणाच्या गावाकडून ट्रंक कॉल आला, कोणाच्या साहेबाचा आवाज चढलेला होता, ही सगळी माहिती ज्या घरातून जाते त्या घराला घसा बसल्याचे दुःख फार होत नाही. त्याच्या वरच्या मजल्यावर खासदार होते. त्यांच्याकडे टेलिफोनचा कोटा, गॅसच्या जोडणीचा कोटा. मतदाराच्या स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटवण्याचा अधिकार एका चिठ्ठीत मावत होता, आणि पाच वर्षांच्या भाषणांनी जेवढी माणसे जोडली जात नाहीत तेवढी त्या चिठ्ठ्यांनी जोडली जात. पुढे फोन रस्त्यावर विकायला आला, गॅस घरपोच यायला लागला, आणि चिठ्ठीची किंमत गेली. लोकप्रतिनिधींचे यात किती नुकसान झाले याची नोंद कुठल्याही आर्थिक पाहणी अहवालात नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रवेशाचा कोटा मात्र त्यांनी बराच काळ टिकवून धरला. प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा मुले. तो गेला 2022 साली. हा कोटा रद्द करा, असे म्हणणाऱ्या खासदारांचे कारण ऐकण्यासारखे होते. दहा जागांसाठी शेकडो अर्ज येतात, दहा माणसे खूश होतात आणि बाकीचे सगळे दुखावतात. म्हणजे टंचाईची फॅक्टरी उत्तम चालली होती, पण माल वाटण्यापेक्षा नाकारण्याचाच खर्च जास्त होत होता.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे वरच्या लोकांचे झाले. परवाने देणारे, चिठ्ठ्या लिहिणारे, गोदामात पोती दडवणारे. सामान्य माणूस बिचारा रांगेत उभा असतो, त्याचा यात काय दोष? सामान्य माणसाविषयी मलाही आदर आहे, पण 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदीपाठोपाठ मीठ संपल्याची अफवा उठली तेव्हा त्याने जे केले ते पाहिल्यावर हा युक्तिवाद जरा आवरता घ्यावा लागतो. हजारो किलोमीटर समुद्रकिनारा असलेल्या, स्वतःला पुरून मीठ परदेशी पाठवणाऱ्या या देशात, उत्तरेकडच्या कित्येक शहरांत लोक रात्री दुकानांवर तुटून पडले आणि किलोचा भाव शेकड्यात गेला. खिशात चालणारी नोट नव्हती, तरी मीठ हवे होते. एका कुटुंबाने पाच किलो मिठाचे काय करायचे? लोणचे घालायचा तो हंगाम नव्हे. आपल्याकडेच असे होते म्हणून हळहळायचे कारण नाही. शिस्तीसाठी जगभर वाखाणल्या गेलेल्या जपानात 1973 च्या ऑक्टोबरअखेर ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत टॉयलेट पेपर संपणार अशी कुजबुज झाली. अरबांनी तेल तोडले होते, सरकार कागद जपून वापरा म्हणत होते, आणि गृहिणींनी त्यातून योग्य तो निष्कर्ष काढला. दुकाने भराभर रिकामी झाली आणि लोण देशभर पसरले. 2020 साली करोनाच्या भीतीने अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत तोच प्रयोग त्याच वस्तूवर झाला. पोटाची चिंता पडल्यावर माणसाने आधी नेमकी ही सोय पाहावी, हे मात्र मानसशास्त्रज्ञांवर सोपवलेले बरे. पोती व्यापाऱ्याच्या गोदामात असली की ती साठेबाजी असते आणि आपल्या माळ्यावर असली की दूरदृष्टी. यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञाने 1980 साली टंचाईच्या अर्थशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. उद्या मिळणार नाही म्हणून कारखान्याचा मॅनेजर आजच जास्तीचे पोलाद आणि जास्तीचे कामगार भरून ठेवतो, सगळेच मॅनेजर तसे करतात, आणि त्यामुळे उद्या खरोखरच मिळत नाही, हे त्याने साम्यवादी कारखान्यांबद्दल दाखवून दिले. कोर्नाईंना आपल्याकडच्या एखाद्या घराचा पोटमाळा दाखवला असता तर ग्रंथ आणखी एका खंडाने वाढला असता.

सुट्ट्या पैशांची टंचाई या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, कारण नाणे खाऊन संपत नाही. साखर संपते, रॉकेल जळते. नाणे कुठे जाणार? ते कोणाच्या तरी डब्यात, गल्ल्यात किंवा देवापुढच्या तबकातच असते. तरी दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची इतकी ओढ लागली, की 1940 साली सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली आणि गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा गुन्हा ठरवावा लागला. आपली गरज किती हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हाही शिपायाला पडला असेल. 1943 साली तांबे वाचवण्यासाठी टाकसाळीने पैशाला मधोमध भोक पाडले. चलनात छेद असतो हे उघडपणे मान्य करणारे असे ते नाणे. पुढे स्वातंत्र्य आले तरी सुट्टे आले नाहीत. वाणी उरलेल्या रुपयाऐवजी चॉकलेट देऊ लागला, आणि तीच चार चॉकलेटे परत नेऊन दिली तर मात्र घेईना. एकाच दिशेने चालणारे असे चलन कुठल्याही रिझर्व्ह बँकेने काढलेले नाही. सर्वांत मोठे महत्त्व लाभले ते एस.टी.च्या कंडक्टरला. त्याने तिकिटाच्या पाठीवर '2 बाकी' असे लिहून दिले की घाटातली दरी, धबधबा, ढग यांपैकी काहीही त्या प्रवाशाला दिसत नसे. त्याची नजर कंडक्टरवर. उतरायच्या दोन थांबे आधीपासून तो पुढे सरकायला लागे. दोन रुपयांत एवढा आदर कंडक्टरला पगारातून कधी मिळाला नाही. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून हा सगळा व्यवहार गेला, आणि आता घाटात लोक धबधब्याचे फोटो काढतात.

सर्वांत गंभीर आक्षेप पुढेच आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्कूटर आणि चॉकलेटांवर हसणे सोपे आहे. पाणी आणि अन्नाचे काय? पाऊसच पडला नाही तर त्यात कोणाचे महत्त्व आणि कसले काय? पाऊस पडत नाही तेव्हा तो खरोखर पडत नाही, हे कबूल. पण पाऊस आणि टंचाई यांची सांगड आपण समजतो तितकी सरळ नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या वाड्यावस्त्यांवर टँकर जातात. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका तर पाणीटंचाईचे राजधानीपद सांभाळून आहे. तानसा, भातसा अशी मुंबईची तहान भागवणारी धरणे त्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करणाऱ्या बायकाही त्याच तालुक्यात. जून महिन्यात मुंबईकर वर्तमानपत्रातला तलावांच्या पातळीचा तक्ता शेअर बाजाराच्या आस्थेने वाचतो. त्या तलावाच्या काठच्या गावात पाणी कधी येते याचा तक्ता छापून येत नाही. मराठवाड्याचे तेच. उसाखाली राज्यातली जमीन थोडी आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा मोठा, हे जलतज्ज्ञ सांगून दमले, आणि साखर कारखान्यांची धुराडी त्याच कोरड्या मुलुखात वाढत गेली. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचे 144 कलम लावावे लागले. पाच माणसांनी एकत्र येऊन हंडा भरणे हे राज्याच्या सुरक्षिततेला धोकादायक झाले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडी गावात पोचते न पोचते तोच तिच्यावर श्रेयाची पोस्टरे चिकटली. शंभर वर्षे नळाला गुपचूप पाणी येत राहिले असते तर त्यावर पोस्टर लावायला जागा तरी कुठे होती?

अन्नाच्या बाबतीत तर हसण्याला फारसा वावच नाही, पण पुरावा माझ्याच बाजूचा आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी 1981 साली त्या वर्षाचे आकडे पुन्हा मांडून दाखवले, की बंगालमधला धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा पाचेक टक्केच कमी होता, आणि ज्या 1941 सालात दुष्काळ पडला नाही त्याहून तो जास्तच होता. धान्य होते, मजुराच्या हातात ते विकत घेण्याइतके काही राहिले नव्हते. कोणापर्यंत पोचायचे आणि कोणापर्यंत नाही याचा निर्णय वाटेत झाला, आणि तो घेणारी माणसे होती. टंचाई ढगात जन्मत असेल, पण वाढते ती धान्याची कोठी आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या जागेत, आणि त्या जागेचे भाडे फार असते. अपवादही नोंदवायला हवा. गोरेगावात पाण्यासाठी झगडून मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या, 1972 साली महागाईविरोधात त्यांनी आणि अहिल्या रांगणेकरांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवले, आणि 1977 साली त्या लोकसभेत गेल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर झाली. टंचाईतून नाव मिळवण्याची ही दुसरी वाट. पाणी अडवून बसण्यापेक्षा ती लांबची आणि दमवणारी असल्यामुळे तिच्यावर गर्दी नाही.

आता शेवटचा आक्षेप: हे सारे जुने झाले, 1991 नंतर परवाने गेले, दुकाने भरली, तुमचा सिद्धांत रद्दीत गेला. दुकाने भरली हे खरेच. पण भरलेल्या दुकानाचे कोणाला कौतुक आहे? 2018 च्या नोव्हेंबरात निफाडच्या एका शेतकऱ्याच्या साडेसातशे किलो कांद्याला 1064 रुपये मिळाले, आणि त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तोच कांदा शहरांत शंभरी ओलांडून गेला. मुबलक कांद्याची बातमी व्हायला मनीऑर्डर करावी लागली. महाग कांद्यासाठी लासलगावच्या बाजार समितीत कॅमेरे आपण होऊन पोचतात, सोनारांच्या दुकानाचे विनोद फिरतात आणि मंत्री खुलासे करतात. 1998 साली दिल्लीतल्या सरकारच्या पराभवाला कांदा कारण झाला असे आजही सांगतात. कांदा फार स्वस्त झाला म्हणून सरकार पडल्याचे कोणी ऐकले आहे का? मुबलकतेला राजकारणात उमेदवार मिळत नाही. म्हणून व्यापारी आता टंचाई हाताने घडवतात. ऑनलाइन दुकानात बूट पाहावेत तर खाली लाल अक्षरांत 'फक्त 2 शिल्लक'. रेशनच्या फळ्यावर खडूने लिहिले की शिव्या पडत. तेच पडद्यावर लाल झाले की घाईघाईने पैसे भरले जातात. रेल्वेने 1997 साली तत्काळ आणले आणि काही जागा राखून त्या आदल्या दिवशी जास्त दराने विकायची व्यवस्था केली. सकाळी दहाच्या ठोक्याला सबंध कुटुंब चार मोबाइल घेऊन बसते, आणि तिकीट निघाले की जो आरडाओरडा होतो तो चेतकच्या पेढ्यांचा वारस आहे. हापूसची पहिली पेटी वाशीला येते तेव्हा तिला हार घालतात, फोटो निघतो. मे अखेरीस तोच आंबा ढिगाने येतो तेव्हा हार घालणारे फिरकत नाहीत. देवगडच्या नावाने इतका आंबा विकला जातो, की तिथल्या बागायतदारांवर अलीकडे एकेका फळाला ओळखपत्र चिकटवायची वेळ आली. आंबा खाण्यापूर्वी त्याचा कोड तपासणे हा नव्या पिढीचा आमरस.

तरीही कोणाला वाटत असेल की वस्तू मुबलक झाल्या तर निदान पुढेमागे हे थांबेल, तर त्याने वेळेकडे पाहावे. वेळेचे वाटप जगात सर्वांत न्याय्य आहे. रोज मध्यरात्री प्रत्येकाला चोवीस तास, घरपोच. रेशनकार्ड नाही, कोटा नाही, खासदाराची चिठ्ठी नाही. उद्याचा वेळ आज माळ्यावर टाकता येत नाही, जिल्हाबंदी घालता येत नाही, काळाबाजार होत नाही. टंचाई फक्त पुरवठ्यातून येत असती तर वेळेची तक्रार जगात कोणी केली नसती. पण निवृत्त होऊन दहा वर्षे झालेले गृहस्थही डायरी उघडून 'गुरुवार नाही जमणार' म्हणतात, आणि ज्याला सगळे वार जमतात त्याला मुलगी द्यायला लोक कचरतात. आपल्याकडच्या कुठल्याही सभेत प्रमुख पाहुण्यांची ओळख करून देणारा 'अत्यंत व्यग्र कार्यक्रमातून वेळात वेळ काढून' हे शब्द उच्चारल्याशिवाय खाली बसत नाही. पाहुणे तास-दीड तास उशिरा आलेले असतात, आणि त्या उशिरामुळे ते शब्द खरे ठरतात. सहाची वेळ पत्रिकेत वाचून पावणेसहाला येऊन बसलेल्या दोनशे श्रोत्यांचे आभार मानायचे राहून जाते. आभारप्रदर्शनात माइकवाला असतो, मंडपवाला असतो, सभागृह देणारी संस्था असते. श्रोत्यांचा वेळ मुबलक होता.